मे संपत आला, तरी आचऱ्याला जाऊन या

वाचकाचं पत्र:

"ताई, आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. घरात मिस्टर, मी, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. मिस्टरांचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे. एप्रिलपासून जाऊ जाऊ म्हणत सुट्टी संपत आली. माझा सगळा मे पापड, सांडगे आणि चटणीत गेला. शेजारचे मनालीला जाऊन आले, मुलं त्यांचे फोटो बघत बसतात आणि मला फार वाईट वाटतं. सासूबाईंचं माहेर मालवणजवळ आचऱ्याला. त्यांचे भाऊ गेले, घर बंद आहे, बारा वर्षांत त्या तिकडे गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणतात, आता कशाला पैसे घालवता? मिस्टर म्हणतात, आंबा संपला, पाऊस कधीही येईल, आता जाऊन करायचं काय? त्यांना आठवड्याच्या सुट्टीला जोडून फार तर दोन दिवस दुकान बंद ठेवता येईल. मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. एवढ्यासाठी जावं का, की पुढच्या वर्षी नीट ठरवून जावं?"

ताई,

जाऊन या. पुढच्या वर्षावर ढकलू नका. शनिवारी पहाटे निघा, दोन रात्री राहा, सोमवारी परत या. शनिवारी यजमानांना सुटता येत नसेल तर रविवार ते मंगळवार करा, पण रात्री दोनच आणि गाव एकच. आपण कोकणात जातो तेव्हा गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली, जमलं तर गोवा, असं सगळं एका दमात उरकायला बघतो. मीही माझी मुलं लहान असताना हेच केलं होतं. दोन दिवसांत पाच ठिकाणं. धाकटीला घाटात उलट्या झाल्या, थोरला गाडीतून उतरायला तयार नव्हता, आणि आज त्या सहलीतलं मला आठवतं ते फक्त गाडीचं मागचं सीट. त्यामुळे तुमचे दोन दिवस कमी आहेत असं मला अजिबात वाटत नाही. आचऱ्यापुरते ते भरपूर आहेत.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. "आंबा संपला" हे आपलं कोल्हापूरकरांचं ठरलेलं वाक्य. आपल्याला कोकण म्हणजे हापूस आणि पापलेट. हापूसचा भर ओसरला हे खरं आहे. पण कोकणातल्या घरांची खरी धांदल असते ती आत्ता. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७-८ जूनला. मृगाच्या आत सगळं झाकून-पाकून घरात यावं लागतं. बिटक्या आणि रायवळ आंबे आत्ता गळत असतात. बरका फणस आत्ता पिकतो. करवंदं काळी झालेली असतात, जांभळांचा सडा पडलेला असतो. मोठा पाऊस झाला की फणस पाणचट होतो आणि करवंदाची गोडी जाते. म्हणजे ज्या आठवड्यांना आपण सुट्टीचं शेपूट म्हणतो, त्याच आठवड्यांत तिथल्या ताटात सगळ्यात जास्त जिन्नस असतात.

आणि रतांबे, म्हणजे कोकमाची फळं. माझी एक मावशी फोंड्याला दिली होती. मेअखेर तिच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. चार-पाच बायका गोल करून बसलेल्या, मधे रतांब्यांचा ढीग. एकेक फळ घ्यायचं, दोन भाग करायचे, बिया आणि गर एका भांड्यात, साल दुसरीकडे. सालं उन्हात टाकायची, मग गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायची, पुन्हा उन्हात. असं चार-पाच वेळा केलं की आमसूल काळंभोर आणि लवचीक होतं. काही सालं नुसती मिठात घालून ठेवायची, त्याचा रस सुटतो, ते आगळ. बियासुद्धा टाकत नाहीत. त्यांचं तेल काढतात, त्याला भिरंडेल म्हणतात, थंडीत टाचांच्या भेगांवर लावतात. आम्ही भाचरं बसायचो तेव्हा बोटं जांभळट लाल व्हायची आणि शाळा सुरू झाली तरी नखांच्या कडेला रंग असायचा. आम्ही गेलो नाही त्या वर्षी मावशी एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची आणि वडील स्टँडवर जाऊन घेऊन यायचे. डबा उघडला की आंबट-खारट वास आधी स्वयंपाकघरात आणि मग बाहेरच्या खोलीत.

तुमच्या सासूबाईंच्या बोटांना हे सगळं माहीत आहे, ताई. तुमच्या मुलांना माहीत नाही. हे मला त्या मनालीच्या फोटोंपेक्षा जास्त टोचलं.

त्या "आता कशाला" म्हणतात याचं मला नवल वाटत नाही. त्या पिढीला "जायचं का?" असं विचारलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आधी खर्च उभा राहतो, मग मुलाचं बंद दुकान, मग आपले गुडघे. असं विचारूच नका. संध्याकाळी भाजी निवडताना शेजारी बसा आणि सहज म्हणा, "आई, आचऱ्याला आता रतांबे फोडायला घेतले असतील ना?" पुढचं त्याच बोलतील. बोलू द्या. कुणाच्या परड्यात कुठलं झाड होतं, समुद्रावर कुठून वाट जायची, जत्रेत काय मिळायचं. ते ऐकून झालं की सांगा, "मला बघायचंय. तुम्ही दाखवा." तुम्ही त्यांना नेताय असं न वाटता त्या तुम्हाला नेतायत असं व्हायला हवं, आणि ते खोटंही नाही. त्या गावात तुम्हा सगळ्यांत जाणत्या त्याच आहेत.

बंद घराचं मात्र जपून. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंय, पण त्यांचा खरा नकार तिथेच असेल असं मला वाटतं. बारा वर्षं बंद असलेलं घर म्हणजे खचलेली पडवी, अंगणात माजलेलं गवत, कौलं सरकलेली. अचानक गाडी तिथे नेऊन उभी करू नका. आनंदाचा धक्का द्यायच्या नादात हे फार जण करतात. निघायच्या आधी घरीच विचारा, घराकडे जायचंय का, की नुसतं गावच्या रामेश्वराला नमस्कार करून समुद्रावर जाऊया? त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर रविवारी सकाळी जा, ऊन चढायच्या आत, आणि त्यानंतर दुपारपर्यंत काहीही ठरवू नका. त्या रडल्या तर रडू द्या. मुलांना बाजूला नेऊ नका, त्यांनाही आजीचं माहेर कळू दे. शेजारचं घर उघडं असेल तर कुणीतरी बाहेर येईलच, ओळख निघेल, पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे येईल. अशा वेळी यजमानांनी घड्याळाकडे बघायचं नाही, एवढं त्यांना आधीच सांगून ठेवा.

राहायला गावातच घरगुती सोय बघा. फोनवर तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि जेवण घरातच करतात का. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पहिल्या दोन, तुम्हा सगळ्यांसाठी तिसरी. आदल्या दिवशी जेवणाचं सांगून ठेवा आणि सांगताना मेनू देऊ नका. "तुमच्या घरात या दिवसांत जे करतात ते करा" म्हणा. घावणे आणि नारळाची चटणी येईल. कुळथाची पिठी आणि भात येईल. रायवळ आंब्यांचं रायतं येईल, गूळ-खोबरं-मोहरी लावलेलं, कोय चोखत खायचं. बरका फणस असेल तर सांदणं मागा. फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून उकडलेली, नारळाच्या दुधाबरोबर खातात. सोमवारी तुमच्याकडे मांसाहार चालत नसेल तर काही बिघडत नाही, त्या दिवशी ताट कुठेच उणं पडणार नाही.

मासे शनिवारी आणि रविवारी खा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांची वीण आणि खवळलेला समुद्र या दोन्ही कारणांनी, त्यामुळे मेअखेरचा मासा म्हणजे पावसाळ्याआधीचा शेवटचा. शनिवारी संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव बघायला जा, आचऱ्याहून तासाभराचाही रस्ता नाही. होड्या लागतात, टोपल्या वाळूवर ओततात आणि बोली सुरू होते. बाजूला बायका वाटे लावून बसलेल्या असतात. मासा विकत घेणार असाल तर कल्ला उचलून बघा, लाल हवा. डोळा वर आलेला हवा, आणि बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. हे मुलीला शिकवा, आठ वर्षांच्या पोरी असल्या परीक्षा फार मन लावून घेतात. पापलेट-सुरमईच्या मागे लागू नका. साधा बांगडा घ्या आणि घरमालकिणीला तिरफळं घालून तिखलं, म्हणजे दाटसर तिखट कालवण, करायला सांगा. आपल्या तांबड्या रश्श्याच्या जिभेला पहिल्या घासाला ते वेगळं लागतं, तिरफळाने जीभ जरा बधिरते. पण भाताबरोबर दुसरा घास घेतला की मुलं गप्प जेवतात.

आता पाऊस. यजमान याबाबतीत चुकीचं बोलत नाहीत. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात उतरला. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज बघा. मुसळधारेचा इशारा असेल तर बेत आठवडाभर पुढेमागे करा. वळवाची एखादी सर आली तर मात्र घाबरायचं कारण नाही. तापलेल्या वाळूवर पहिले थेंब पडतात तेव्हा वाफेसारखा वास येतो, मुलं तोंड वर करून धावत सुटतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात, हे मुलांना आधीच सांगा, तिथे जाऊन हिरमोड नको.

पाण्यात गुडघ्याच्या वर कुणी जायचं नाही. यजमानांनीसुद्धा. या दिवसांत लाट वरून शांत दिसते आणि पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. ओहोटी लागलेली असताना तर मुळीच नाही. दर वर्षी घाटावरून आलेली माणसं कोकणच्या किनाऱ्यांवर बुडतात, आणि त्यातली काही नदीत पोहणारी असतात. नदीचं पोहणं समुद्रात कामाला येत नाही.

इथे तुमच्या मुलाला एक काम द्या. मोबाइल काढून घेऊ नका, दोन दिवसांसाठी भांडण कशाला? त्याला म्हणा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक तुझ्याकडे. आणि सासूबाईंना विचारा, भरती कशी काढायची. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, तिथून सहा तासांनी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पुळणीवर चढलेलं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पाणी लांब गेलेलं आणि ओली, घट्ट वाळू चालायला मोकळी. सासूबाईंच्या गुडघ्यांना हीच वाळू बरी, कोरड्या वाळूत पाय रुततो. त्यांच्या पिढीने शाळेत पाऊणकी पाठ केलेली, त्या बोटांवर सांगतील. मुलगा मोबाइलवर बघून पडताळेल. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडेल, त्यावर दोघांचा वाद होईल. होऊ द्या. शेवटी दोघांनी मिळून पाण्याच्या कडेला काठी रोवून बघायची, पाणी चढतंय की उतरतंय. दोन दिवसांत तो मोबाइल सोडेल असं मी सांगत नाही, पण आजीला चार वेळा आपणहून हाक मारेल.

रस्ता. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, आचरा, असा जा. नाहीतर गगनबावड्यावरून करूळ घाटाने. चार-साडेचार तास धरा. घाटांची कामं आणि दरडी यांमुळे रस्ते अधूनमधून बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या. पहाटे साडेपाचला निघालात तर घाट थंड्या हवेत पार होतो. उलटी होणाऱ्याला पुढे बसवा. वाटेत करवंदं घेऊन बसलेल्या बायका दिसतील. थांबा, पानाच्या द्रोणातली घ्या, द्रोणातच खा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की मे पापड-सांडग्यात गेला, आणि ते अपराध्यासारखं लिहिलंय. वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणून बरणीत भरली, ती घरातली पाच माणसं वर्षभर खाणार आहेत. तो महिना वाया गेला असं कुणी म्हणत असेल तर त्याला बरणी दाखवा. पण आता पुरे. या सहलीला तुम्ही डबे बांधायचे नाहीत. वाटेपुरती दशमी आणि चटणी, मुलांसाठी थोडं भडंग, बास. शेगडी, कुकर, पीठ असलं काहीही गाडीत चढता कामा नये. मी अशा कितीतरी बाया बघितल्यात ज्यांनी समुद्राकडे पाठ करून पोहे केले. त्या दोन दिवसांत सकाळचा चहा तुम्हाला कुणीतरी आणून देईल, तो अंगणात बसून प्या. तेवढ्यासाठीसुद्धा जा.

दुकानाचं म्हणाल तर दोन दिवसांची पाटी शुक्रवारी संध्याकाळीच लावा, म्हणजे शनिवारी सकाळी "जरा जाऊन येतो" होणार नाही. आणि खरोखरच नाही जमलं, कुणी आजारी पडलं, मोठा पाऊस लागला, तर लक्ष्मीपुरीच्याच बाजारात शाहूवाडी, आजऱ्याकडची जांभळं-करवंदं येतात, ती घेऊन सगळे मिळून एक संध्याकाळ पंचगंगेच्या घाटावर बसा. पण हे दुसरं, आधी आचरा.

परतताना दुपारी चारच्या सुमारास निघा. घाट उजेडात चढून होतो आणि राधानगरीच्या अलीकडे-पलीकडे दिवस मावळतो. मेअखेरीस त्या जंगलात काजवे असतात. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित लावा, दिवे बंद करा, मोबाइलचे पडदेही विझवा, बॅटरी मारू नका, कारण उजेड झाला की ते लुकलुकायचे थांबतात. काजवे पकडून बाटलीत घालायचे नाहीत, हे मुलीला आधी सांगा. दहा मिनिटं काही दिसणार नाही. मग एखादं झाड उजळेल, विझेल, पुन्हा उजळेल. सासूबाईंना गाडीतूनच दिसेल अशा बाजूला बसवा. तिथून कोल्हापूर दीड तासावर, साडेनऊपर्यंत घरी.

येताना आगळ आणा, आणि ते घरी केलेलं असलेल्या कुणाकडून तरी, सासूबाईंनी चाखून पसंत केलेलं. काचेच्या बाटलीत घ्या, धातूच्या भांड्यात ठेवू नका. सोलकढी करताना वरून मीठ घालू नका, आगळात ते भरपूर असतं.